दोचुलावरची वीस मिनिटं

"पुढच्या ओळीतल्या काकू, जरा खाली बसा. मागचे स्तूप यायला हवेत." टूर मॅनेजरने एकामागून एक चार-पाच जणांचे फोन हातात घेतले, भराभर फोटो काढले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत सांगितलं, "वीस मिनिटं. वॉशरूम कॅफेटेरियाकडे." बाजूला घो, म्हणजे पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा झगा, घातलेला भूतानी गाइड उभा होता. त्याने नुकतीच हिंदीत सुरुवात केली होती, "ये जो एक सौ आठ चोर्तेन हैं, ये दो हज़ार तीन में..." तेवढ्यात फोटोची हाक आली आणि वाक्य तिथेच राहिलं. त्याने ते पुन्हा उचललं नाही, रोजचंच असावं. मंडळी चहाकडे पांगली. कुणी चोर्तेनच्या, म्हणजे त्या स्तूपांपैकी एकाच्या, पायरीवर चिवड्याचं पाकीट फोडलं, तेही उंचीमुळे फुगून टम्म झालेलं. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. फोटो चांगले आले, बस वेळेवर निघाली. मनात अडकून राहिलं ते ते अर्धवट वाक्य. थिंपू-पुनाखा रस्त्यावरच्या दोचुला खिंडीतल्या त्या टेकडीवर सांगावी अशी खरं तर एकच गोष्ट आहे आणि तिला दोन मिनिटं पुरतात.

आपल्याकडचे लोक भूतानला बहुतेक ग्रुपनेच जातात, आणि त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. सत्तरीच्या आजींना तीन हजार मीटरवर नेऊन, वेळच्या वेळी गरम वरण-भात खायला घालून सुखरूप घरी आणणं हे कसबाचं काम आहे. शिवाय या देशाने पर्यटनाची बांधणीच अशी केली आहे की एकट्याने वाट्टेल तिथे भटकणं अवघड आणि गाइडसोबत ठरलेल्या रस्त्याने जाणं सोपं व्हावं. सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांनाही माणशी दर रात्रीला १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मं. सहा रात्रींचे ७२०० रुपये हॉटेल आणि बस धरण्याआधीच लागतात. त्यावर कुरकुर पुष्कळ ऐकू येते. पण राज्यघटनेतच देशाची किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील असं लिहिलेल्या देशाने, आणि सहा हजार मीटरवरच्या शिखरांवर १९९४ मध्ये व सगळ्याच गिर्यारोहणावर २००३ मध्ये बंदी घालणाऱ्या देशाने, गर्दीला दाराशीच किंमत लावली तर त्यात नवल कसलं? गांगखर पुएनसुम हे ७५७० मीटरचं शिखर आजही कुणी चढलेलं नाही. चढू दिलेलं नाही.

टूर बिघडते ती मात्र शिखरांमुळे किंवा शुल्कामुळे सहसा नाही. ती बिघडते सरहद्दीवर, बसच्या सीटवर आणि कागदावर छापलेल्या दिवसांच्या क्रमात.

सरहद्दीपासून सुरुवात करू. हाशिमारा स्टेशनवर किंवा बागडोगरा विमानतळावर उतरून मंडळी जयगावला पोचतात. गेटच्या अलीकडे भारतातला बाजार, हॉर्न, चिखल आणि पलीकडे एकदम शांत, झाडलेलं फुंटशोलिंग. परवान्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. हे माहितीपत्रकात ठळक छापलेलं असूनही दर मोसमात कुणी ना कुणी फक्त आधार घेऊन येतंच, कारण विमानतळावर, हॉटेलात, बँकेत सगळीकडे तेच चालत आलेलं असतं. दुसरी अडचण आडनावाची. बाईंच्या मतदार ओळखपत्रावर माहेरचं नाव आणि बुकिंगमध्ये सासरचं, म्हणजे मग खिडकीवर अर्धा तास खुलासे. मुलांसाठी पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला मूळ प्रतीत लागतो. मोबाइलमधला फोटो दाखवून काम होईल या भरवशावर राहू नये. आणि एक फसगत अशी की जिच्याबद्दल कुणी आधी बोलत नाही. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे, पण फुंटशोलिंगच्या हॉटेलात फोन जयगावचा टॉवर पकडतो आणि भारतीय वेळ दाखवत राहतो. 'साडेसातला बस' म्हटलं की निम्मी मंडळी आठला अवतरतात आणि आपण वेळेतच आलो असं शपथेवर सांगतात. दोन्ही बाजू खरंच बोलत असतात, म्हणून हे भांडण मिटायला वेळ लागतो.

फुंटशोलिंग सुमारे ३०० मीटरवर, थिंपू २३०० च्या वर. मधलं दीडशे किलोमीटरचं अंतर पाच-सहा तासांचं आणि त्यात सरळ रस्ता म्हणावा असा तुकडा क्वचितच. हा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाने बांधला, १९६१ पासून. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९५८ मध्ये, नेहरू भूतानला गेले तेव्हा ते नथुला ओलांडून, चुंबी खोऱ्यातून, तट्टावर आणि पायी पारोला पोचले होते. आज तेच आपण अॅव्होमिनच्या, म्हणजे बस लागू नये म्हणून घ्यायच्या, गोळीवर करतो. गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची. पहिलं वळण आल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. उपाशीही बसू नये, आणि पुरी-भाजी चापूनही. फुंटशोलिंगनंतर पहिले दोन तास चढ सर्वांत तिखट, पावसाळ्यात दरडी पडतात त्याही मुख्यतः याच पट्ट्यात आणि धुकंही इथेच. याच दिवशी ग्रुपमध्ये 'सीट रोटेशन' नावाच्या प्रकारावरून पहिली ठिणगी पडते. रोज दोन ओळी मागे सरकायचं, म्हणजे खिडकी, पुढची काच, मागचे धक्के सगळ्यांच्या वाट्याला सारखे येतात. नियम न्याय्य आहे. पण बसच्या शेवटच्या ओळीत वळणाचा झोका सर्वांत मोठा बसतो, आणि ज्यांना उलटीचा त्रास आहे त्यांना पहिल्याच दिवशी मागे बसवलं तर बस दर अर्ध्या तासाने थांबवावी लागते. अनुभवी मॅनेजर पहिल्या दिवशी रोटेशन सुरूच करत नाही. 'त्रास होतो' म्हणणाऱ्यांना पुढे बसवतो आणि थिंपूनंतर चिठ्ठ्या टाकतो. त्रास होतो म्हणणाऱ्यांची संख्या त्या सकाळी अचानक वाढते, ते सोडा.

उंचीबद्दल दोन टोकं दिसतात. काहीजण लडाखच्या गोष्टी ऐकून कापराच्या पुरचुंड्या आणि ऑक्सिजनचे डबे घेऊन येतात, काहीजण 'भूतान काय, महाबळेश्वरसारखंच' म्हणून चेलेलाच्या उंच खिंडीत प्रार्थनेच्या झेंड्यांमधून धावतात. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. आणि नेहमीच्या टूरमध्ये विरळ हवेच्या आजाराची भीती तुलनेने कमी असते, कारण झोप खालीच लागते: थिंपू २३०० मीटरच्या आसपास, पारो त्याहून थोडं कमी, पुनाखा तर जेमतेम १२००. त्रासाचा हिशोब दिवसा किती वर गेलो यापेक्षा रात्री कुठे झोपलो यावर जास्त ठरतो. अपवाद फोबजिखाचा. काळ्या मानेच्या क्रौंचांचं ते खोरं तीन हजार मीटरच्या जवळ आहे, ऑक्टोबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत क्रौंच तिथे असतात आणि टूरमध्ये ते पुनाखानंतर येतं. म्हणजे एका दिवसात अठराशे मीटर वर जाऊन तिथेच मुक्काम. त्याआधी थिंपूला दोन रात्री झालेल्या असल्या तर शरीराची थोडी तयारी असते. तरी त्या रात्री जेवण हलकं ठेवावं, दारू टाळावी, आणि डोकं ठणकत असेल तर ते लपवू नये. डायमॉक्सची, म्हणजे उंचीच्या त्रासावरची, गोळी शेजारच्या सीटवरच्या काकांकडून मागून घ्यायची नसते. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांना ती महागात पडू शकते. घरून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. चेलेलाची खिंड, पाटीवर ३९८८ मीटर, तिथे थांबायचं अर्धा-पाऊण तास, चालायचं सावकाश, आणि मुख्य म्हणजे पारोहून निघताना पोटभर पराठे खायचे नाहीत. तिथे दम लागतो तो बहुतेक वेळा नुसता दम असतो. बसलं की उतरतो.

उंचीचा खरा परिणाम स्वयंपाकघरात दिसतो. थिंपूला पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ नुसत्या पातेल्यात तासभर रटरटली तरी दाणा अख्खाच, कुकर हवाच. ग्रुपसोबत आपले महाराज असतील तर ते मोठे कुकर घेऊनच येतात. श्रीखंड-पुरीचा बेत थिंपूच्या थंडीतही होतो आणि टाळ्या घेतो. यात हुकतं ते एमा दात्शी, म्हणजे भूतानची मिरची-चीजची भाजी. मिरची इथे मसाला म्हणून येत नाही, तीच भाजी असते. लांब हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, कांदा-टोमॅटोसह थोड्या पाण्यात तेल घालून शिजवायच्या, मऊ झाल्या की वरून चीज, झाकण, मग अगदी हलक्या हाताने एकदा हलवायचं. जोरात ढवळलं तर चीज फाटतं आणि रस्सा दाणेदार होतो. बटाट्याचं केवा दात्शी आणि अळंब्यांचं शामू दात्शी सौम्य असतं. पारोच्या लाल भातावर ते घेऊन बघावं. हॉटेलांना एक दिवस आधी सांगितलं तर ते शाकाहारी ताटात आनंदाने देतात. न सांगितल्यास पनीर मटर येतं, कारण भारतीय ग्रुप तेच मागतात असा त्यांचा अनुभव आहे आणि तो चुकीचा नाही.

आता पुनाखा. थिंपूहून दोचुला पाऊण-एक तास, तिथून खाली दीड-दोन तास. ३१०० मीटरवरून १२०० मीटरवर उतरताना कानांना दडे बसतात आणि एकाच सकाळी झाडं बदलत जातात: वर गुरांसाचे (ऱ्होडोडेंड्रॉनचे) वृक्ष आणि हेमलॉक, मध्ये चीड, खाली केळी आणि संत्री. स्वेटर, जॅकेट, टोपी असं सगळं अंगावर चढवून आलेल्या मंडळींना पुनाखात घाम फुटतो, म्हणून त्या दिवशी एकावर एक पातळ कपडे घालावेत. मात्र बाह्या पूर्ण हव्यात, कारण झोंगमध्ये, म्हणजे किल्ला, मठ आणि कचेरी एकत्र असलेल्या वास्तूत, अर्ध्या बाह्या, अर्धी पँट, टोपी चालत नाही. दरवर्षी कुणीतरी बर्म्युडावर दारातच अडतं आणि बसमधून बायकोचा स्टोल कमरेला गुंडाळून आत जाऊ पाहतं. तोही चालत नाही.

पो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या बरोब्बर मधल्या जिभेवर हा झोंग बसला आहे. भूतान एकत्र आणणारे झाबद्रुंग न्गावांग नामग्याल यांनी १६३७-३८ मध्ये तो बांधला. आपल्याकडे तेव्हा शिवाजीराजे सात-आठ वर्षांचे होते, आणि गडकिल्ल्यांवर वाढलेल्या मराठी माणसाला इथे पाऊल टाकताच पहिली चुटपूट लागते ती हीच की हा किल्ला रिकामा नाही. पुढच्या चौकात जिल्ह्याची कचेरी, फायली, कमरेला घो बांधलेले कारकून आणि आत भिक्षूंचं निवासस्थान. हिवाळ्यात मुख्य मठाधिपती जे खेनपो आणि त्यांचा संघ थंडगार थिंपू सोडून इथे उतरतो. नेहमीच्या झोंगला दोन चौक, याला तीन. आत जायला उभा लाकडी जिना आहे, शत्रू आला तर वर ओढून घेण्यासाठी योजलेला. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी कठड्याला धरून, उतरताना तोंड जिन्याकडे करून उतरावं. भिंती वर जाताना आत कलत जातात, खालच्या खिडक्या फटीएवढ्या आणि वरच्या मोठ्या, कोरीव, रंगवलेल्या. छपराखाली जो गेरूचा पट्टा दिसतो तो फक्त देवळांना आणि झोंगना असतो, साध्या घराला नाही. एकदा हे कळलं की पुढे सगळ्या प्रवासात बसमधून इमारती ओळखता येतात. १९०७ च्या १७ डिसेंबरला उग्येन वांगचुक यांचा पहिला राजा म्हणून राज्याभिषेक इथेच झाला आणि २०११ मध्ये सध्याच्या राजांचं लग्नही. ७ ऑक्टोबर १९९४ ला वर उत्तरेकडच्या लुनाना भागात हिमनदीचा तलाव फुटला, पो छूला लोंढा आला, माणसं दगावली, झोंगचंही नुकसान झालं. त्या नदीकाठावर उभं राहून हे ऐकलं तर पाण्याचा तो निळा-हिरवा रंग वेगळा दिसू लागतो.

गाभाऱ्यात तीर्थ मिळतं. उजव्या हाताची ओंजळ, केशराचं पाणी, थोडं ओठाला लावायचं आणि उरलेलं डोक्यावरून फिरवायचं. हे कुणी न शिकवता आपल्या आज्या अचूक करतात. त्या भूतानी भिक्षूंना याचं नवल वाटतं की नाही कोण जाणे, चेहऱ्यावर तरी दिसत नाही. प्रदक्षिणाही उजवीच. आपण मूर्ती उजव्या हाताला ठेवतो, तेही तसंच. फक्त प्रार्थनाचक्रं फिरवताना घाईत काही जण उलट्या बाजूने शिरतात आणि समोरून येणाऱ्या वृद्धांची मालिका अडते. फोटो गाभाऱ्यात नाही, चौकात चालतो.

दोचुलाची गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण परतीच्या वाटेवर बस बहुधा थांबत नाही. २००३ पर्यंत भूतानच्या दक्षिणेकडच्या जंगलात उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या भारतीय बंडखोर संघटनांचे तीसेक तळ होते. बोलणी वर्षानुवर्षं चालली, ते हलले नाहीत. त्या डिसेंबरात भूतानच्या छोट्या सैन्याने मोहीम काढली आणि चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः आघाडीवर गेले. तळ उठले. भूतानी सैनिक मेले. त्यांच्यासाठी थोरल्या राणीसाहेब आशी दोर्जी वांगमो वांगचुक यांनी हे १०८ चोर्तेन उभारले: खालच्या फेरीत ४५, मधल्या ३६, वरच्या २७. म्हणजे ज्या पायरीवर चिवडा फुटला ते एक युद्धस्मारक आहे, आणि ते युद्ध आपल्याच देशातून तिकडे गेलेल्या बंडखोरांशी झालं होतं. समोरच्या टेकडीवरच्या देवळात, द्रुक वांग्याल ल्हाखांगमध्ये, जंगलात लढणारे राजे भिंतीवर रंगवलेले आहेत. त्याच भिंतींवर लॅपटॉप घेतलेला भिक्षूही आहे. वीस मिनिटांत तिथवर कुणी जात नाही. चाळीस दिली तर जाता येतं. दिवाळीत सकाळी लवकर पोचलं तर पलीकडे बर्फाची पूर्ण रांग दिसते. मे महिन्यात बहुतेक वेळा नुसता ढग, आणि मग लोक फोटोच काढणार, दुसरं करणार काय?

तक्त्सांगचं, म्हणजे पारोजवळच्या कड्यावरच्या टायगर्स नेस्ट मठाचं, नियोजन सर्वांत जास्त वेळा चुकतं. पायथ्याचा वाहनतळ २६०० मीटरच्या आसपास, मठ ३१२० वर. ५०० मीटरचा चढ, जायला अडीच-तीन तास, सगळा फेरा पाच ते सहा तासांचा. काही टूर हा दिवस पारोला पोचल्याच्या लगेच दुसऱ्या दिवशी ठेवतात आणि आदल्या संध्याकाळी पुनाखाहून चार तास बसमधून आणतात. पाय आखडलेले, झोप अर्धवट. पारोला आधी एक दिवस निवांत आणि त्याच्या पुढच्या सकाळी सातला पायथ्याशी, हा क्रम बरा. घोडी मधल्या कॅफेटेरियापर्यंतच जातात, आणि उतरताना कुणालाही बसवत नाहीत. हे बऱ्याच जणांना वर गेल्यावर कळतं. घोडं कड्याच्या बाहेरच्या बाजूनेच चालतं, भीती वाटली तरी लगाम ओढू नये. कॅफेटेरियाला दहाच्या आत पोचला नाहीत तर मठाच्या दुपारच्या सुट्टीत, एक ते दोन, दाराबाहेर बसावं लागतं. आणि समोरून मठ अगदी हाताशी दिसतो ती जागा शेवट नव्हे. तिथून शेकडो पायऱ्या खाली दरीत, धबधब्यावरच्या पुलापर्यंत, आणि पुन्हा वर. परत येताना त्याच पायऱ्या उलट. निम्मे लोक इथून फोटो घेऊन वळतात आणि त्यात काही कमीपणा नाही. आत फोन, कॅमेरा, पिशवी काहीच नेता येत नाही. १६९२ चा मूळ मठ १९ एप्रिल १९९८ च्या आगीत जळला, आज दिसतो तो पुन्हा उभारलेला.

वाटेवर खडकांच्या कपारीत बोटभर उंचीचे मातीचे शंकू ओळीने ठेवलेले असतात. काही कोरे, काही पांढरे किंवा सोनेरी. त्यांना त्सात्सा म्हणतात. मृताच्या अस्थींची राख मातीत कालवून साच्यातून काढतात आणि पावसापासून आडोशाला ठेवतात. मुलं ते खेळणं म्हणून उचलतात, मोठी माणसं आठवण म्हणून खिशात टाकतात. गाइड मागच्या टोकाला राहिलेल्यांचा हात धरून येत असतो, त्यामुळे पुढे गेलेल्यांना सांगायला तिथे कुणी नसतं. ही माहिती बसमध्येच, पायथ्याला पोचण्याआधी द्यायची असते.

जे चढत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न प्रोग्रॅमच्या कागदावर नसतोच. ते दुपारी दोनपर्यंत वाहनतळावरच्या माळांच्या दुकानांत आणि बसमध्ये डुलक्या काढत बसतात. तिथून थोड्याच अंतरावर क्यिचू ल्हाखांग आहे, सातव्या शतकातलं, तिबेटचा राजा सोंगत्सेन गाम्पो याच्या नावाने सांगितलं जाणारं. सकाळी पारोतल्या म्हाताऱ्या बायका जपमाळ घेऊन तिथे फेऱ्या घालत असतात, बसायला सावली आहे, चढ नाही. दरीच्या टोकाला द्रुकग्येल झोंग आहे, १९५१ मध्ये जळालेला आणि आता नव्याने उभारलेला. ड्रायव्हर सकाळभर मोकळाच असतो, पण बस हलवायची तर त्याला आधी ठाऊक हवं. नाहीतर चार जणांत एक टॅक्सी ठरवावी. आदल्या रात्री, जेवणाच्या टेबलावर, मॅनेजर सकाळची वेळ सांगायला उभा राहिला की तेव्हाच मागावं.